पेगन उपासनेत प्रार्थना तोंडपाठ असायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभर तुम्ही पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या बहुदेवपूजक, प्राचीन रोमन पद्धतीने घरच्या घरी उपासना करताय, प्रार्थना मोबाईलवर बघून म्हणता, आणि 'पाठ नाही तर ती खरी नाही' असं कुणीतरी सुनावलं. वर रोज तेच शब्द म्हणून त्यांतला अर्थ उडून जाईल, ही धास्ती.

बघून खुशाल म्हणा. खुद्द रोमन तेच करत. रोमन लेखक प्लिनीने वर्णन केलंय: एक जण लेखी मजकुरातून प्रार्थना सांगायचा, अधिकारी त्याच्यामागून म्हणायचा, दुसरा शब्दांवर पहारा ठेवायचा, तिसरा लोकांना गप्प बसवायचा आणि बासरीवाला वाजवत राहायचा, म्हणजे प्रार्थनेखेरीज काही कानावर पडू नये. आपल्याकडे गुरुजी संकल्प सांगतात आणि यजमान मागून म्हणतो, तसंच. रोमनांचा कटाक्ष अचूकपणावर होता, पाठांतरावर नव्हे.

तोंडपाठाचा आग्रह होता गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) ड्रुइडांचा, म्हणजे तिथल्या केल्ट लोकांच्या पुरोहितांचा. गॉल जिंकणारा रोमन सेनापती सीझर सांगतो की काही शिष्य त्यांची पद्यं पाठ करत 20-20 वर्षं शिकत राहत. इतर व्यवहारांत ते ग्रीक लिपी वापरत, पण ही पद्यं लिहिणं त्यांना मान्य नव्हतं. विद्या सगळ्यांच्या हाती जाऊ नये आणि लिखाणावर विसंबून शिष्यांची स्मरणशक्ती ढिली पडू नये, अशी दोन कारणं सीझरला दिसली. दुसरं मला पटतं. पण पुढे रोमन सम्राटांनी ड्रुइडांचा बीमोड केला आणि त्या पद्यांतली एक ओळही आपल्यापर्यंत पोचली नाही. याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पाठ करा, पण वहीत लिहूनही ठेवा.

आता तेच तेच म्हणण्याबद्दल. रोममध्ये आर्वाल बंधू नावाचे 12 पुरोहित होते. त्यांचं एक गीत इ.स. 218 च्या शिलालेखात कोरलेलं सापडलं, 1778 साली. पाच ओळी, प्रत्येक तीनदा, शेवटी 'त्रिउंपे' हा घोष पाच वेळा. गंमत म्हणजे पुरोहितांनी हातात पुस्तिका घेऊन, पायाने तीन-तीन ठेके धरत ते म्हटलं, असं तिथेच नोंदवलंय. पहिली ओळ 'एनोस लासेस युवाते', म्हणजे लारेस (रोमनांच्या रक्षक) देवांनो, आम्हाला साहाय्य करा. 'लासेस' हे 'लारेस'चं जुनं रूप. बोलण्यातून तो 'स' जाऊन शतकं लोटली होती. या गीतात मात्र तो शाबूत राहिला. आणि त्याच दगडावर दुसरी ओळ तीनदा कोरताना तिन्ही वेळा थोडी थोडी वेगळी झालीय!

हे गीत मला बसून वाचताना आठवडाभर येईना. मग स्वयंपाकघरात उभं राहून पायाने ठेका धरला आणि तिसऱ्या दिवशी ओळी आपोआप येऊ लागल्या.

अर्थ उडतो, हे मात्र खरं. लहानपणापासून मी अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं करत आलेय. दर आवर्तनाला एक दूर्वा या वाटीतून त्या वाटीत. (आपल्या परंपरेला पेगन म्हणावं का, हा वाद इथे नको, अनुभव तेवढा सांगते.) आठव्या-नवव्या आवर्तनाला मन भाजी-बाजारात पोचतं, जीभ एकटीच चालत राहते. मग 'अव पश्चात्तात्, अव पुरस्तात्'पाशी दिशांचा क्रम चुकतो आणि लक्ष परत येतं. एकदा असंच परत आलं ते 'अव श्रोतारम्'वर. ऐकणाऱ्याचं रक्षण कर. कोपऱ्यात आजी बसली होती. तिला अथर्वशीर्ष येत नसे, ती रोज नुसती ऐकायची. इतकी वर्षं मी ते शब्द म्हणत होते आणि ते तिच्यासाठीही आहेत, हे त्या दिवशी कळलं. एकदाच वाचून बाजूला ठेवलं असतं तर कळलं नसतं.

तुम्ही तुमच्या प्रार्थनेच्या पहिल्या दोन ओळींपासून सुरुवात करा. उभं राहून, मोठ्याने, रोज त्याच वेळी. चुकलं तर त्या ओळीच्या सुरुवातीला परत या. दोन ओळी पक्क्या झाल्या की तेवढ्यापुरता मोबाईल खाली ठेवा. धूप घालायला दोन्ही हात मोकळे राहतील आणि नजर ज्योतीवर.