वाचकांचे प्रश्न : हॉप्सची तोडणी, वाळवण आणि बिअरमधला वापर

प्रश्न : बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या हॉप्सच्या वेलीचे हे दुसरे वर्ष. शंकू (शंकूच्या आकाराची मादी फुले) भरपूर आलेत. गेल्या वर्षी तोडलेल्यांना नुसता ओल्या गवताचा वास होता. तोडायची वेळ कशी ओळखायची? आणि वाळवायचे कसे?

उत्तर : गवताचा वास आला म्हणजे तोडणी लवकर झाली. हॉप्सचा सगळा कस शंकूच्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेल्या पिवळ्या पुडीत, म्हणजे ल्युपुलिनमध्ये असतो, आणि ही पूड शेवटी शेवटी भरते. वेलीच्या वरच्या भागातला एक शंकू घेऊन देठापासून उभा चिरा. पूड फिकट आणि तुरळक असेल तर थांबा. ती गर्द पिवळी आणि बोटाला चिकटणारी हवी. कच्चा शंकू चिमटीत दाबला की दबलेलाच राहतो. तयार शंकू कागदासारखा कुरकुरतो आणि सोडताच पुन्हा फुलतो. पाकळ्यांची टोके थोडी तांबूस झाली तर काही बिघडत नाही. पूडच तांबूस झाली आणि कांदा-लसणासारखा वास येऊ लागला, तर मात्र उशीर झाला.

सर्वांत खात्रीची परीक्षा वजनाची. वेगवेगळ्या उंचीवरचे 100 ग्रॅम शंकू तोडा आणि ओव्हनमध्ये साधारण 80 अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवा. (हा नमुना बिअरला वापरू नका, त्याचा सुवास उडालेला असतो.) 20 ग्रॅमपेक्षा कमी उरले तर आणखी काही दिवस थांबा. 22 ते 24 ग्रॅम उरले तर तोडणी काढा. वेलीवरच्या काटेरी केसांनी हात ओरबाडतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

आता वाळवण. बहुतेकांचा माल इथेच बिघडतो. जाळीच्या ताटांत पातळ थर द्या, खालून पंख्याची हवा सोडा आणि उष्णता 35 ते 50 अंशांत ठेवा. उन्हात वाळवू नका, रंग आणि सुवास दोन्ही जातात. पाकळ्या आधी कोरड्या होतात, मधली काडी ओलीच राहते. हाताला शंकू कोरडा लागतो, आपण पिशवी बंद करतो, मग काडीतला ओलावा बाहेर येतो आणि आतल्या आत बुरशी धरते. म्हणून काडी वाकवून पाहा : वाकली तर ओली, कट्कन मोडली तर झाली.

वरच्या नमुन्याचा इथेही उपयोग होतो. 100 ग्रॅममागे 22 ग्रॅम उरले होते ना? मग 100 ग्रॅम ताज्या शंकूंचे साधारण 24 ग्रॅम झाले की थांबायचे. त्यात 8 ते 10 टक्के ओलावा राहतो. त्याहून जास्त वाळवले तर पाकळ्या चुरतात आणि पूड ताटाच्या तळाशी सांडते. ती पूड टाकू नका, पिशवीत घाला. पिशवी रात्रभर बंद ठेवा, सकाळी काडी पुन्हा मोडून पाहा, मगच हवा काढून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवा. हवा लागलेल्या हॉप्सना पुढे जुन्या चीजसारखा वास येतो. तो आला की ते बिअरमध्ये घालू नका.

प्रश्न : घरच्या कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक) किती हे माहीत नाही. 20 लिटर बिअरला किती घालू?

उत्तर : कडवटपणासाठी घरचे हॉप्स घालूच नका. कॅस्केडचे अल्फा साधारण 4.5 ते 7 टक्के असते. म्हणजे 30 ग्रॅम हॉप्समध्ये ते 1.35 ग्रॅमही असू शकते आणि 2.1 ग्रॅमही, दीडपटीहून जास्त फरक. 60 मिनिटांच्या उकळीला पाकिटावर अल्फाचा आकडा छापलेले विकतचे हॉप्स घ्या. घरचे हॉप्स सुवासासाठी राखा : 30 ते 50 ग्रॅम आच बंद करताना, आणि आंबवण संपत आल्यावर 40 ते 60 ग्रॅम तीन-चार दिवस. ताजे ओले शंकू घालायचे असतील तर वजन पाचपट धरा आणि तोडल्यापासून 24 तासांत वापरा.

प्रश्न : जमिनीतून निघालेले काही फुटवे आखूड आणि फिकट आहेत, पाने खाली वळलीत. खत कमी पडले का?

उत्तर : खत नव्हे, हा केवडा नावाचा बुरशीसारखा रोग आहे. पान उलटून पाहा, खालच्या बाजूला राखाडी-काळसर थर दिसेल. असे फुटवे बुडापासून काढून नष्ट करा, कंपोस्टमध्ये टाकू नका. एका दोरीवर दोन-तीनच जोमदार फुटवे ठेवा आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा; उलटे गुंडाळले तर वेल सुटून येते. वेल दोन मीटरच्या वर गेली की खालच्या 60 ते 90 सेंटिमीटरमधली पाने काढा. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. पांढरी पिठासारखी बुरशी दिसली तर ती भुरी. तिलाही दाट, कोंदट पसारा मानवतो.

प्रश्न : बी पेरून वेल करता येईल का?

उत्तर : येईल, पण करू नका. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, बिअरला मादीचेच शंकू लागतात, आणि बियांतून जातही तशीच उतरत नाही. मादी वेलीच्या मुळकांडाचा डोळे असलेला तुकडा 5 सेंटिमीटर खोल, आडवा लावा. भरघोस तोडा साधारण तिसऱ्या वर्षी मिळतो.

प्रश्न : बिअर झाल्यावर उरलेला हॉप्सचा चोथा झाडांना घातला तर चालेल का? घरात कुत्रा आहे.

उत्तर : उघड्यावर अजिबात नको. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, उकळलेला चोथासुद्धा. पोटात गेल्यास अंगातला ताप झपाट्याने चढतो, धाप लागते, जीवही जाऊ शकतो. झाकणाच्या डब्यात बांधून कचऱ्यात द्या. कुत्र्याने चोथा खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या.