गावखडीचा चढ

चि. पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज पहाटे वाचला. रेवसहून किनाऱ्याने तेरेखोलला सायकलवर निघून सात दिवस झाले, जैतापुरात खोली घेतलीस, गुडघे दुखतायत आणि सायकल एसटीत टाकून घरी यायचं म्हणतेस. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हो काका’ म्हणतेस, म्हणून लिहितोय.

आधी सांग, काल रत्नागिरी सोडल्यावर खाल्लंस काय? मेसेजात चढांचं सगळं आहे, जेवणाचं अक्षर नाही.

पावसपर्यंत बरं चाललं असेल. पूर्णगडचा पूल ओलांडला की रस्ता गावखडी, कशेळीकडे वर चढतो, आडिवऱ्यावरून पुन्हा जैतापूरच्या खाडीकडे उतरतो. सह्याद्रीतून येणारी नदी जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, चिरत समुद्राला मिळते, त्यामुळे किनाऱ्याने जाताना दर खाडीला पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं. आंबोली एकदा चढलं की चढलं. इथे कमावलेली उंची तासाभरात हातची जाते आणि माणूस पायांआधी मनाने खचतो. त्यात सड्यावर सावली नाही, कातळ खालून भाजतो, हवा इतकी दमट की घाम सुकत नाही. घाम सुकला नाही की अंग निवत नाही. तू कमी पडलीस असं मनात आणू नकोस.

मी पहिल्यांदा हा रस्ता केला तेव्हा गावखडीच्याच चढावर सायकल गडग्याला टेकवून खाली बसलो होतो. घड्याळाच्या पट्ट्याशी मिठाची पांढरी रेघ, दोन्ही करंगळ्या बधिर. ठरवून टाकलं, बास. समोरच्या घरातून एक आजी आल्या. काही न विचारता त्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाच्या लोणच्याची फोड पुढ्यात ठेवली. दोन वाडगे प्यायलो, तिथेच पडवीत आडवा झालो. तासाभराने उठलो तेव्हा चढ तेवढाच होता, पण घरी जायचं मनातही नव्हतं. तो निर्णय माझ्या रिकाम्या पोटाने घेतला होता, हे मला त्या पडवीत कळलं.

अंगातला पिठासाखरेचा साठा जोर लावून दीड-दोन तास पुरतो. म्हणून भुकेची वाट बघायची नाही. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे एक मोठं केळं आणि वर चिक्कीची वडी. नुसतं पाणी ढोसू नकोस. कोकम सरबत मिळेल तिथे घे, मीठ घालून.

आता गुडघ्याचं. दोन्ही मांड्या सारख्याच जड असतील तर तो थकवा आहे, झोपेने उतरेल. एकाच गुडघ्यात एका जागी टोचत असेल, सूज असेल, जिना उतरताना कळ येत असेल, तर सरळ एसटी धर. मी स्टँडवर घ्यायला येईन आणि तुला कुणी एक शब्द बोललं तर मला सांग. गुडघा पुढून दुखतोय का? मग सीटचा पाईप खाली सरकलाय का बघ. आठवडाभर खड्डे खाल्ल्यावर तो हळूच उतरतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

आज जायचंच ठरलं, तर मालवण डोक्यातून काढ. देवगडला मुक्काम कर. अकरा ते तीन सावलीत पडून राहा. चढाला पहिल्यापासून हलका गिअर टाक, नाहीच जमलं तर उतर आणि ढकल. मी आजही ढकलतो. उतारांआधी ब्रेकचे रबर तपास, तांबडी धूळ ते फार लवकर खाते. तेरेखोल एक दिवस उशिरा आलं तरी खाडीपलीकडे केरीला न्यायला फेरीबोट आहेच.

पण हे सगळं पोटभर नाश्ता झाल्यावर. आधी जेव, मग जिना उतरून बघ आणि गुडघा काय म्हणतो ते कळव. फोन हातातच आहे माझ्या.

तुझा,
काका