परदेशी आउटसोर्सिंगचे काम आटले, तर कोल्हापुरात राहून टेक्निकल रायटिंगची कारकीर्द टिकवता येईल का?

होय, टिकवता येईल. मात्र पानांच्या हिशेबाने मॅन्युअल लिहून देण्याऐवजी यंत्रे निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या दस्तऐवजांची संपूर्ण जबाबदारी घ्यावी लागेल. निव्वळ लेखनाचे काम जिथे स्वस्त पडेल तिथे जाते, पण यंत्राशेजारी उभे राहून ‘बोल्ट नीट आवळा’ या वाक्याच्या जागी किती न्यूटन-मीटर, कोणत्या क्रमाने आणि त्याआधी कोणता स्विच बंद करून, हे ऑपरेटरकडून काढून घेणे दुरून साधत नाही. आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहती तर आपल्या दाराशीच आहेत. युरोपात यंत्र विकताना वापरसूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथील २०२३/१२३० क्रमांकाचे नवे यंत्र नियमन २० जानेवारी २०२७ पासून लागू होणार असून त्यानुसार या सूचना डिजिटल स्वरूपातही देता येतात, म्हणून ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ (ठराविक शब्द आणि नियम पाळून सूचना लिहिण्याची सोपी इंग्रजी) आणि ‘डिटा’ (DITA, म्हणजे दस्तऐवज पुन्हा वापरता येतील अशा छोट्या भागांत रचण्याची डिजिटल पद्धत) ही दोन्ही आताच शिकून घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: नुसते कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) पुरवणाऱ्या फाउंड्रीला वापरसूचनांची गरज सहसा नसते, त्यामुळे पंप, मशीन टूल्स किंवा साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार करणाऱ्यांकडे आधी जावे.