घर आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बाथरूमखालच्या घरात छताला ओलीचा डाग पडला आहे. कारागीर म्हणतो, टाइल्सच्या फटींत केमिकल भरलं की काम होईल, फोडाफोड नको. त्याचं ऐकावं का?

उत्तर : इतक्यात नको. बाथरूममधून पाणी खाली उतरायच्या चार वाटा असतात : नळाची भिंतीतली लाइन, सांडपाण्याची लाइन, नहाणी ट्रॅपभोवतीचा (फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचा) जोड आणि टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग. फटी भरल्याने पहिल्या तीनपैकी एकही वाट बंद होत नाही. तुमचं पाणी कुठल्या वाटेने जातंय हे कारागिराने तपासलेलं दिसत नाही, तेव्हा आधी ते तपासा. अवजार काही लागत नाही, वेळ लागतो.

खालच्यांच्या परवानगीने डागाची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहा. मग बाथरूम आठवडाभर पूर्ण बंद ठेवा, पण नळांना पाणी सोडणारा मुख्य कॉक उघडाच राहू द्या, म्हणजे लाइन भरलेली राहते. फरशीखालच्या भरावात साठलेलं पाणी दिवसेंदिवस ठिबकत राहतं, म्हणून दोन दिवसांत निष्कर्ष काढू नका. आठवड्यानंतरही डाग ओला असेल किंवा आखलेल्या रेषेबाहेर गेला असेल, तर संशय नळाच्या लाइनवर. पडताळा सोपा आहे : घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला तर कुठेतरी लाइन गळतेय. कमोडची टाकीही गळत असू शकते. टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर पाणी तिथून जातंय.

डाग सुकू लागला तर पुढची पायरी. ट्रॅपची जाळी काढा आणि पाइप आत घालून दोन-तीन बादल्या पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडा. फरशी भिजू द्यायची नाही, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही. खाली ओल आली तर सांडपाण्याची लाइन किंवा तिचा जोड गळतोय.

तसं काही दिसलं नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड घालून त्याचा घट्ट बोळा ट्रॅपमध्ये बसवा, दाराशी चिकणमातीचा बांध घाला आणि फरशीवर 25 मिलिमीटर पाणी 48 तास साठवा. पातळीची खूण भिंतीवर करा. एक-दोन मिलिमीटर उतार बाष्पीभवनाचा असू शकतो. खाली ओल आली तर दोष वॉटरप्रूफिंगचा किंवा ट्रॅपच्या कडेचा. यातूनही काही निघालं नाही, तर सगळं सुकल्यावर ट्रॅप उघडा ठेवून फक्त भिंतीवर अर्धा तास शॉवर मारा. केवळ या शेवटच्या चाचणीतच खाली ओल आली, तर तुमच्या कारागिराचा उपाय चालेल. मात्र जुनं ग्राउट, म्हणजे फटींत भरलेला मसाला, निदान तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायला हवं. जुन्यावरून नवं लिंपलं तर ते लवकरच सुटतं.

दोष बहुधा ट्रॅपच्या कडेला सापडतो. पीव्हीसीचा गुळगुळीत पाइप साध्या सिमेंटला धरत नाही. मसाला सुकताना आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. ती खालपर्यंत खणून आकसत नाही असं ग्राउट भरावं लागतं. फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही. नव्या कामात लेपाचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा, मारून घ्या. लेप भिंतीवर 300 मिलिमीटर चढला पाहिजे, शॉवरच्या बाजूला 1.8 मीटर. ट्रॅपकडे उतार मीटरमागे 10 ते 12 मिलिमीटर ठेवा. आणि टाइल बसवण्याआधी पाणी साठवायची तीच 48 तासांची चाचणी परत. ही अट कामाच्या कागदावर लिहून घ्या. एकदा टाइल बसली की लेप कसा मारला होता हे कुणालाच दिसत नाही.

प्रश्न : जुनं घर विकत घेतोय. मालकाने नुकताच रंग दिलाय, सगळं चकाचक दिसतं. तासाभरात काय पाहू?

उत्तर : रंग नाही तिथे पाहा : सिंकखालच्या कपाटात, माळ्यावर, भिंतीतल्या कपाटांच्या मागच्या बाजूला. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा प्रकाश मारा. फुगे आणि पुटीची ठिगळं लगेच उठून दिसतात. तळमजल्यावर जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पांढरी भुकटी किंवा सुटलेला गिलावा असेल, तर भिंतीला लोणा लागलाय. ती ओल जमिनीतून चढते, आणि वरून वॉटरप्रूफ रंग लावला तर क्षार रंगामागे साठून गिलाव्यासकट पापुद्रे काढतात.

नाण्याने टाइल्स ठोका. पोकळ वाजणारी एखादी टाइल सगळीकडे असते, सलग पट्टा पोकळ असेल तर तो भाग पुन्हा करावा लागेल. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओता. पाच मिनिटांनी कोपऱ्यात डबकं उरलं तर उतार उलटा आहे. स्वयंपाकघराचा आणि शॉवरचा नळ एकाच वेळी सोडून धार बघा. मग विजेच्या बोर्डावर, मालकाला सांगून, आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) ‘टेस्ट’ बटण दाबा. खटका पडला नाही तर शॉकपासून संरक्षण नाही. ते उपकरणच नसेल तर 30 मिलिअँपिअरचं बसवण्याचा खर्च हिशेबात धरा. जमलं तर एक फेरी जोराच्या पावसानंतर मारा.

प्रश्न : भिंतींना तडे आहेत. घाबरायचं का?

उत्तर : खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथला उभा बारीक तडा दोन सामानांच्या कमी-जास्त आकसण्याचा. गिलाव्याचा पट्टा काढून, जाळी ठोकून परत गिलावा करा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरपा तडा मात्र नजरेखाली ठेवा : दोन्ही टोकांना पेन्सिलची रेघ, रुंदी आणि तारीख. टोक पुढे सरकलं किंवा रुंदी पाच मिलिमीटरवर गेली, तर भरत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. स्लॅब, तुळई किंवा खांबाला सळईच्या रेषेत तडा आणि तपकिरी डाग दिसला तर थांबूच नका. आतली सळई गंजून फुगतेय, आणि तीच काँक्रीट फोडतेय. वरून गिलावा लावणं म्हणजे फक्त दृष्टीआड करणं.

प्रश्न : कपाटामागची भिंत काळी पडते. ही गळती आहे का?

उत्तर : भिंत पुसून कोरडी करा, दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि ओले कपडे त्या खोलीत वाळवू नका. थेंब दोन्ही बाजूंना दिसले तर आधी वाफेचा बंदोबस्त करा, आणि दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा लावा.