दारू-कोकेनचं व्यसन आणि जुगार-गेमिंगचं व्यसन मेंदूत सारखंच दिसतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, या दोन प्रकारच्या व्यसनांत मेंदूची कनेक्टिव्हिटी सारखीच बिघडते का, आणि स्कॅन काढून व्यसन आहे की नाही ते कळतं का. दुसरीचं उत्तर सरळसरळ "नाही" असं आहे. रिसर्चमध्ये जे फरक दिसतात ते दोन गटांच्या सरासरीतले असतात, एकट्या माणसाचा स्कॅन बघून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यामुळे असा स्कॅन करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता पहिली. मी एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूतल्या रक्ताच्या ऑक्सिजनमधले बदल टिपणाऱ्या स्कॅनच्या, डेटावर काम करतो, डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. कनेक्टिव्हिटी म्हणजे काय, तर मेंदूच्या दोन भागांतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल एकाच तालात वरखाली होतो का ते बघायचं. दोन खोल्यांतले दिवे कायम एकदमच मंद आणि एकदमच प्रखर होत असतील तर वायरिंग कुठेतरी एक आहे असं आपण म्हणू, तसंच. भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणूस मशीनमध्ये नुसता पडून असतानाही हा ताल सापडतो, आणि मग व्यसनावरचे कितीतरी अभ्यास याच पद्धतीने झाले.

सारखेपणा बराच आहे. हवंहवंसं वाटायला लावणारा खोलवरचा भाग म्हणजे व्हेंट्रल स्ट्रायटम, "बस झालं आता" म्हणणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग, आणि शरीराच्या आतून येणारी तलफ जाणवून देणारा इन्सुला, या तिघांमधलं नातं दोन्हीकडे बदललेलं सापडतं. नेमकं वाढलेलं की कमी झालेलं यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही, आणि ज्यांना नीटनेटकं चित्र हवं असतं ते ही गोष्ट गाळून टाकतात. इन्सुलाचं उदाहरण मला फार आवडतं. २००७ मध्ये असं छापून आलं की स्ट्रोकमुळे इन्सुलाला इजा झालेल्या काही लोकांची सिगरेट अगदी सहज सुटली, तलफच येईना. आणि २००९ च्या एका प्रयोगात स्लॉट मशीनवर थोडक्यात हुकलं की, म्हणजे खरं तर हरल्यावर, हाच इन्सुला आणि स्ट्रायटम जिंकल्यासारखे पेटताना दिसले, तेही व्यसन नसलेल्या साध्या लोकांत.

फरक कुठे येतो? केमिकलमध्ये. कोकेन डोपामाइन, म्हणजे हवंहवंसं वाटण्याशी जोडलेलं मेंदूतलं केमिकल, परत ओढून घेणारी यंत्रणाच बंद पाडतं त्यामुळे ते पेशींच्या मधल्या फटीत साचून राहतं, आणि वर्षानुवर्षं प्यायलेली दारू मेंदूतली पांढरी द्रव्यं, म्हणजे जोडणाऱ्या तारा, खराब करते, त्यात जेवण धड नसेल तर बी-१ ची कमतरता वेगळीच. जुगारात विष असं काही आत जात नाही. पीईटी (PET) नावाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये दारू, कोकेन, मेथ (मेथॅम्फेटामाइन) घेणाऱ्यांत डोपामाइनचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या डोपामाइन पकडणाऱ्या जागा, कमी सापडतात, जुगाऱ्यांत तशी घट ठामपणे सापडलेली नाही. म्हणून माझं मत असं की सर्किट तेच, पण आजार हुबेहूब तोच नाही, आणि "मोबाईल म्हणजे डिजिटल कोकेन" छाप वाक्यं वाचली की चिडचिड होते.

दोन्हींच्या मधोमध बसणारी एक केस आहे. पार्किन्सनच्या काही पेशंटना प्रामिपेक्सोलसारखी डोपामाइनची नक्कल करणारी औषधं देतात, आणि त्यातले काहीजण आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेले असूनही जुगार खेळायला लागतात, डोस कमी केला की बहुतेकदा ओढही ओसरते. म्हणजे औषध आत गेलं आणि बाहेर व्यसन आलं ते वागण्याचं!

आणखी एक गुंता. दिसणारा बदल व्यसनामुळे झाला की आधीपासूनच होता? २०१२ मध्ये केंब्रिजच्या टीमने उत्तेजक ड्रग्सच्या आहारी गेलेले लोक आणि त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडं असे ५० जोड तपासले, तर स्ट्रायटम-प्रीफ्रंटलच्या वायरिंगमधले काही दोष भावंडांतही निघाले. म्हणजे थोडा भाग घरातूनच आलेला. जुगाऱ्यांचा अभ्यास म्हणावा तर त्यात बरेच जण सिगरेटही ओढतात आणि डिप्रेशनही असतं, शिवाय मशीनमध्ये डोकं जरासं हललं तरी खोटी कनेक्टिव्हिटी तयार होते, माझा अर्धा वेळ तेच साफ करण्यात जातो.

जुगाराला २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, दारू-ड्रग्सच्याच प्रकरणात बसवलं, गेमिंग डिसऑर्डर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये आला, जी २०२२ पासून लागू आहे. गेमिंगचा पुरावा मला तरी कच्चा वाटतो, बरेचसे अभ्यास चीन-कोरियातल्या तरुण मुलांवरचे आणि छोटे. जुगाराची बाजू भक्कम आहे, इतकी की दारू आणि अफूच्या व्यसनावर देतात ते नाल्ट्रेक्सोन जुगाऱ्यांवरच्या काही ट्रायल्समध्येही उपयोगी पडलं, आणि तिथे तर आत दारूही नव्हती आणि अफूही नाही.