जड मोटरसायकल उभी करताना किंवा हळू वळवताना कलंडू नये म्हणून काय करावे?

दोनशे किलोंच्या वरची मोटरसायकल घेतल्यापासून ती दोनदा आडवी झाली, दोन्ही वेळा पार्किंगमध्ये वळवताना, असे आपण लिहिले आहे आणि उंची कमी पडते म्हणून असे होते का, असे विचारले आहे. उंचीचा थोडा संबंध आहे. पण माझ्या मते खरा दोष बहुतेक वेळा उजव्या हाताच्या बोटांचा असतो.

माझी गाडी पहिल्यांदा पडली तेव्हा हँडल पूर्ण डावीकडे वळलेले होते आणि भिंत जवळ आली म्हणून मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. चाक जागीच थांबले, वजन मात्र वळणाच्या आतल्या बाजूला गेले, डावा पाय बारीक खडीवरून घसरला आणि क्लचची दांडी वाकली. तेव्हापासून हँडल वळलेले असताना मी पुढच्या ब्रेकवर बोटसुद्धा ठेवत नाही. इंजिनाला जरासा रेस देऊन वेग हाफ क्लचने राखावा, मागचा ब्रेक हलका दाबून ठेवावा, आणि थांबण्याआधी शेवटच्या हातभर अंतरात हँडल सरळ करून घ्यावे. वळणाच्या मध्येच इंजिन बंद पडले तरी परिणाम तोच होतो, म्हणून क्लच एकदम सोडू नये. नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवावी, हे ऐकायला किरकोळ वाटते, पण फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

गाडी झुकू लागल्यावर ताकद किती लागते, याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. वजन २०० किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर धरला, तर १० अंश झुकलेल्या गाडीला मीटरभर उंचीच्या हँडलपाशी साधारण १९ किलोंचा आधार पुरतो. ३० अंशांवर तोच ५५ किलोंवर जातो. सावरायचे ते पहिल्या काही अंशांतच. त्यापुढे हट्ट न करता पाय काढून घेऊन गाडी सोडून द्यावी. वाकलेली दांडी बदलता येते, गुडघ्याचे तसे नाही.

ढकलत न्यायची असेल तर डाव्या बाजूला उतरून गाडी किंचित आपल्याकडे, कमरेला टेकवून न्यावी. उभी करताना उताराचा विचार आधी करावा: तोंड चढाकडे असावे आणि पहिला गिअर टाकलेला असावा, कारण उताराकडे तोंड करून न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी पुढे सरकली की साइड स्टँड मिटतो. जमीन उजवीकडे उतरती असेल तर गाडी स्टँडवर जवळजवळ ताठ राहते आणि हलक्या धक्क्यानेही उजवीकडे जाते. अशी जागा मी सरळ सोडून देतो. मऊ मातीत किंवा उन्हाने तापलेल्या डांबरात स्टँड रुततो, त्यासाठी एक चपटी पट्टी जवळ बाळगावी.

पडलीच, तर प्रथम इंजिन बंद करावे. उजवीकडे पडली असल्यास उचलण्यापूर्वीच साइड स्टँड उघडावा आणि गिअर टाकावा, नाहीतर मोठ्या कष्टाने उभी केलेली गाडी पलीकडच्या बाजूला जाते. माझी एकदा अशीच गेली आहे.