विग नाही, बंडल वाचायचं

प्रश्न: ताई, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हायचंय आणि तेही इमिग्रेशन, ह्युमन राइट्समध्येच. घरचे म्हणतात त्यात पैसा नाही, नुसती भाषणं ठोकायची. खरं काय आहे?

उत्तर: पैशाचं घरच्यांचं फारसं चुकत नाहीये, भाषणांचं मात्र साफ चुकतंय. अगं, निर्वासितांची अपिलं चालतात त्या फर्स्ट-टियर ट्रिब्युनलमध्ये ना ज्युरी, ना विग, ना गाऊन. एक जज, एक दुभाषी, समोर होम ऑफिसचा (म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचा) बाजू मांडणारा प्रेझेंटिंग ऑफिसर (तो बरेचदा वकीलही नसतो) आणि केसच्या कागदांचं शेकडो पानांचं बंडल, जे तू आदल्या रात्री जागून वाचलेलं असतं.

त्या बंडलातच सगळं असतं. समज तुझा अशील काबूलचा आहे आणि तो सांगतो की तालिबानचे लोक दल्व १४०० मध्ये (ही अफगाणी पंचांगाची तारीख) घरी आले. मुलाखतीत कुणीतरी १४०० मध्ये सरळ ६२१ मिळवले, जानेवारी २०२१ लिहून मोकळे झाले, आणि मग नकाराच्या पत्रात येतं की काबूल तर ऑगस्ट २०२१ मध्ये पडलं, त्याआधी तिथे तालिबानची सत्ताच नव्हती, सबब हा माणूस खोटं बोलतोय. आता त्यांचं वर्ष सुरू होतं मार्चमध्ये आणि दल्व (म्हणजे आपली कुंभ) हा अकरावा महिना, म्हणजे ती तारीख जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मधली निघते! शकावरून इसवी सन काढताना पौष-माघात ७८ मिळवायचे की ७९ हा जो घोळ होतो ना, अगदी तोच. हे तुला रात्री साडेअकराला सापडलं तर सकाळी केस उभी राहते, नाही सापडलं तर तो माणूस खोटारडा ठरतो. मला विचारशील तर या कामातलं निम्मं कसब हेच आहे.

कायदा म्हणशील तर १९५१ चं रेफ्युजी कन्व्हेन्शन आणि १९९८ चा ह्युमन राइट्स ॲक्ट, ज्याने मानवी हक्कांचा युरोपियन करार ब्रिटिश कायद्यात आणला. त्या करारातलं कलम ३ छळाचं, त्याला अपवाद नाही. माणूस देशाच्या सुरक्षेला धोका आहे असं सरकार म्हणालं तरी जिथे छळाचा खरा धोका आहे तिथे पाठवता येत नाही, स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टाने १९९६ च्या चहल केसमध्ये हे सांगितलं आणि तिथे प्रश्न होता एका शीख माणसाला भारतात पाठवण्याचा. कलम ८ कुटुंबाचं, तिथे मात्र सरकारची बाजूही तराजूत पडते, त्यामुळे वकिलीचा खरा कस तिथेच लागतो.

आता रस्ता. बाहेरची पदवी असेल तर आधी बहुतेक कन्व्हर्जन कोर्स, मग बार कोर्स, सोबत चारपैकी एका इनची (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेची) मेंबरशिप (गांधीजी इनर टेंपलचे, बाबासाहेब ग्रेज इनचे). इनने कॉल केलं (म्हणजे रीतसर बॅरिस्टर म्हणून घेतलं) की नावापुढे बॅरिस्टर लागतं पण प्रॅक्टिस करता येत नाही, त्यासाठी १२ महिन्यांची प्युपिलेज (उमेदवारी) लागते, पहिले सहा महिने सीनियरच्या मागे फिरायचं आणि पुढचे सहा स्वतःच्या केसेस. खरी गाळणी इथे लागते, जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, कोर्सची फी भरून प्युपिलेजच न मिळालेली बरीच मुलं आहेत. म्हणून आधी प्युपिलेजचा अर्ज टाक, फीचं कर्ज नंतर बघ.

पैसा: चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसात) नोकरी नसते, आपण स्वयंरोजगारी, काम चेंबर्सचा क्लार्क आणि सॉलिसिटर (अशिलाशी थेट व्यवहार करणारा वकील) यांच्याकडून येतं, आणि फी कधी कधी महिनोन्महिने येत नाही. त्यात एप्रिल २०१३ पासून लीगल एड (सरकारी खर्चाने वकील) असायलमला, म्हणजे आश्रयाच्या केसेसना, राहिलं पण कुटुंबाच्या व्हिसासारख्या बहुतेक इमिग्रेशन केसेसचं गेलं, म्हणजे अशील उसनेपासने करून फी देतो किंवा तू फुकट लढतेस. काही जण सोबत सरकारच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांच्या पॅनलवरही नाव लावतात, तेही चालतं, त्यात गद्दारी वगैरे काही नाही.

आणि हो, सुनावण्या बहुतेक खुल्या असतात. तिकडे गेलीस की कोर्सचे पैसे भरायच्या आधी दोन दिवस मागच्या खुर्चीत जाऊन बस, आणि दुभाषी बोलत असताना अशिलाकडे बघ.